तीस वर्षांचं हो

दर गुरुवारी दुपारी आर्लीनचा नुसता जळफळाट व्हायचा. मीटिंग हाउसच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, स्वयंपाकघरात डॉर्कस आणि क्विन भांडत बसायची, आणि मधूनच दोघांचं खिदळणं बाहेर ऐकू यायचं. भांडायचंय तर भांडा की. हसता कशाला?

भांडण होतं पाटीवरून. ओहायोतल्या या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती मंडळींच्या दारावर पन्नास वर्षं ‘बायकांचं गोधडी मंडळ’ अशी पाटी. वर्षभरात क्विनचाही हात गोधडीवर चांगला बसला होता. पण आपण बाईही नाही न् पुरुषही नाही, तेव्हा पाटी बदला, असं क्विनचं म्हणणं. डॉर्कस म्हणाली, माझ्या हयातीत नाही. इथे मतदानाची रीत नाही. एकाचं जरी मन अडलं तरी काम थांबतं. मग अडलेल्या दोघांना एकत्र बसवतात, म्हणून हे गुरुवार. समोरच्याची बाजू अशी मांडायची, की त्याने ‘हो, हेच’ म्हणावं. तोवर आपलं घोडं पुढे दामटायचं नाही.

आर्लीन डॉर्कसची तीस वर्षांची मैत्रीण. डॉर्कसने म्हणायचं आणि हिने मान डोलवायची. पाटीबद्दलही ‘तुझंच बरोबर’ म्हणून मोकळी झाली होती. त्याचं फळ काय? डॉर्कसच्या आवडीचा आल्याचा केक करायचा हिने, आणि डॉर्कसबरोबर बसून खायचा क्विनने.

सहा आठवड्यांनी सगळी बैठकीला जमली. डॉर्कसने क्विनची बाजू अशी मांडली, की क्विनच्या डोळ्यांत पाणी आलं. मग क्विनने डॉर्कसची मांडली. डॉर्कसच्या आईला घरात तोंड उघडायची सोय नव्हती, ती बोलायची ती फक्त या बायकांत. पाटीवरून ‘बायका’ गेल्या तर आई पुन्हा गप्प होईल, असं तिला वाटतं. “हो, हेच,” डॉर्कस म्हणाली.

आर्लीनला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. तीस वर्षांत जे आपल्याला मिळालं नाही ते या पोराला सहा आठवड्यांत मिळालं, या विचाराने ती आतून पेटली.

नोंदी लिहिणाऱ्या एलवुडने जुन्या नावापुढे ‘आणि सोबती’ जोडायचं सुचवलं. कुणाचं मन अडलंय का, म्हणून विचारलं. आर्लीन उठली.

“माझं अडलंय.”

“अगं, तू तर माझ्या बाजूची ना?” डॉर्कस म्हणाली.

“नाही. पाटी पूर्ण बदलावी असं मला पहिल्या दिवसापासून वाटतंय. तू रुसशील म्हणून हो म्हटलं. नेहमी तेच करते मी.”

“नेहमी?”

“जवळजवळ नेहमी.”

एलवुडने पेन खाली ठेवलं.

“मग तीस वर्षं मी कुणाशी बोलत होते गं?”

डॉर्कस उत्तरासाठी थांबली होती, आणि अशी थांबलेली डॉर्कस तिने आजवर फक्त क्विनसमोर पाहिली होती.