डोक्यानं की फ्री किकनं

भोकरदनच्या मैदानावर मुलींचा फुटबॉल सामना चालू होता, भोकरदन विरुद्ध वाटूर. मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी होती. उषाबाईंची तृप्ती आणि मेहरुन्निसाची अंबरीन, दोघी भोकरदनकडून खेळत होत्या. दोघींच्या आया एकाच गल्लीतल्या. लिंबाखाली एकाच सतरंजीवर बसल्या होत्या, पण आपापल्या पोरीचं कौतुक वेगवेगळं करत.

"आता जो गोल व्हईल तो माझ्या तृप्तीच्या डोक्यानं," उषाबाई म्हणाल्या. "पोरगी उंच हाये."

"उंच हाये, बराबर. पण अंबरीनची फ्री किक तुम्ही बघितली न्हाई, ताई. बॉल थेट जाळीत."

"मंग लावा पैज, भाभी. हरणारीनं शेवटी सगळ्यांसमोर पेनल्टी मारायची. साडी खोचून."

पंच धर्मराज सर शेजारी पाणी पीत उभे होते. शाळेत दोघींच्या पोरींना तेच शिकवत. निवाडा त्यांच्यावर आला. ते म्हणाले, "आधी झालेले गोल यात धरायचे न्हाईत. पुढचा धरायचा. आणि मी गोल दिला तरच तो गोल."

सामना पुन्हा सुरू झाला. थोड्याच वेळात तृप्तीनं उडी मारून बॉल डोक्यानं जाळीत घातला. उषाबाई उभ्या राहिल्या. "खोचा साडी, भाभी."

मेहरुन्निसानं बोट दाखवलं. कडेला झेंडा वर होता. ऑफसाइड. "गोलच न्हाई, तर डोकं कुठून आलं, ताई?"

उषाबाई परत सतरंजीवर बसल्या.

मग अंबरीनला फ्री किक मिळाली. बॉल वळत वळत खांबाबाहेर चालला होता. वाटूरची वंदना तो बाहेर काढायला धावली, डोकं लावलं, आणि बॉल तिच्याच गोलात गेला. भोकरदन दोन-एकनं पुढं गेलं. लिंबाखाली दोघी एकाच वेळी म्हणाल्या, "मी जिंकले."

शेवटची शिट्टी वाजली, भोकरदन जिंकलं, आणि दोघी सरांकडे गेल्या.

"फ्री किक अंबरीनची व्हती," मेहरुन्निसा म्हणाली.

"पण आत गेला डोक्यानं," उषाबाई म्हणाल्या. "डोकं कुणाचं, ते कुठं ठरलं व्हतं?"

"तृप्तीचं म्हणाल्त्या तुम्ही, मी ऐकलंय," सर म्हणाले. "फ्री किक तर बाहेर चालली होती, म्हणून गोल अंबरीनचाही न्हाई. हा सेल्फ गोल. तो दोघींपैकी कुणी सांगितला होता का?"

"न्हाई," दोघी म्हणाल्या.

"मंग दोघी हरल्या," सर म्हणाले.

तृप्ती आणि अंबरीननं टाळ्या पिटल्या. वंदना मात्र गोलाजवळ गुडघ्यात तोंड घालून बसली होती. उषाबाई तिच्यापाशी गेल्या. "ऊठ बाई. आमच्या पेनल्टी तूच अडव. तेवढं तरी बरं वाटंल तुला."

वंदना डोळे पुसत उभी राहिली. उषाबाईंनी पाय फिरवला. बॉल जागीच राहिला, चप्पल गोलाकडे उडाली. वंदनानं ती दोन्ही हातांनी झेलली आणि पहिल्यांदा हसली. मेहरुन्निसाचा बॉल सरळ वंदनाच्या पायाशी आला.

"अम्मी, पास दिला का?" अंबरीननं विचारलं.

"ताई, आपण पुन्हा मारू," मेहरुन्निसा म्हणाली. पण वाटूरची गाडी हॉर्न देत होती. वंदनानं उषाबाईंची चप्पल परत दिली आणि पळता पळता म्हणाली, "काकू, सराव करून ठेवा."

उषाबाईंनी चप्पल पायात घातली आणि धर्मराज सरांना विचारलं, सराव किती वाजता असतो.