सहाव्या मिनिटाला मी वाजले

मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवघरातली नव्हे, टेबलावरची. डोक्यावरच्या बटणावर बोट दाबले की मी एकदाच 'टिंग' करते. दिल्लीतल्या एका विद्यापीठाच्या मानव्यविद्या शाखेत, सभागृहातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये माझा मुक्काम असतो. मित्रांनो, आपली कथा सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा तक्रारी सांगतात. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. माझ्याबद्दल एका माणसाने तक्रार करायला हवी होती आणि त्याने ती केली नाही. म्हणून मीच बोलते आहे, आणि लाज वाटत असतानाच बोलते आहे.

माझा जन्म मुरादाबादच्या एका कारखान्यातला. तिथून मी करोल बागेतल्या एका दुकानात आले. एके दुपारी वैजयंती मॅडम तिथे आल्या. त्या तेव्हा नुकत्याच मराठी शिकवायला लागल्या होत्या आणि मयूर विहारला राहत होत्या. त्यांनी ओळीने पाच घंट्या वाजवून पाहिल्या आणि मला उचलले.

"मॅडम, होटल खोल रही हैं क्या?" दुकानदाराने विचारले.

"नहीं भैया, प्रोफेसरों को चुप कराना है," मॅडम हसत म्हणाल्या.

हे त्यांनी खरेच सांगितले होते. चर्चासत्र म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर थोडक्यात सांगते. पाच-सहा विद्वान एका टेबलामागे बसतात, प्रत्येक जण आपला निबंध वाचतो आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटे असतात. पंधरा मिनिटांत थांबणारा विद्वान मी अजून पाहिलेला नाही. म्हणून सत्राच्या अध्यक्षांच्या हाताशी मी असायचे. बाराव्या मिनिटाला एकदा वाजायचे, पंधराव्याला दोनदा. "वैजयंतीच्या सत्रात जेवण वेळेवर मिळतं," असे लोक म्हणू लागले आणि ते कौतुक मी माझेच समजत असे.

नाटकांच्या दिवसांत तर माझी चैनच. विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळाने मला माइकजवळ धरायचे, तीनदा वाजवायचे आणि तिसऱ्या घंटेला सभागृहातले दिवे मालवायचे. दोनशे माणसे एकदम गप्प व्हायची. माझ्यावाचून या इमारतीत पान हलत नाही, असे मला तेव्हा वाटायचे. खोटे कशाला सांगू, मी फार चढून गेले होते.

पुढे वैजयंती मॅडम विभागप्रमुख झाल्या. मोठमोठे पाहुणे येऊ लागले. कुणी निवृत्त सचिव, कुणी अध्यक्ष, कुणी कुलगुरूंचे स्नेही. अशा माणसांना घंटी कशी वाजवायची? मॅडमचे बोट माझ्या डोक्यापर्यंत यायचे आणि परत जायचे. पाहुण्यांनी खाल्लेली वेळ कुठून तरी भरून काढावी लागे, आणि ती शेवटच्या वक्त्याच्या वाट्यातून निघे. शेवटचा वक्ता नेहमी विद्यार्थीच असायचा. हे मी वर्षानुवर्षे पाहिले आणि त्याला शिष्टाचार म्हणत राहिले.

गेल्या फेब्रुवारीत लोकरंगभूमीवर दोन दिवसांचे चर्चासत्र होते. पहिल्या दिवशी जेवणाआधीच्या सत्रात शेवटचे नाव अश्लेषाचे होते. अश्लेषा भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी, वैजयंती मॅडमकडे पीएच.डी. करणारी. तिचा विषय होता खडी गंमत, म्हणजे विदर्भातले उभ्याने, डफाच्या साथीने रंगवायचे लोकनाट्य. तिचे वडील अंबादास तरुणपणी या खेळातले शाहीर होते. गेली सोळा वर्षे ते दिल्लीजवळ मानेसरला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. सोळा वर्षांत त्यांनी चारचौघांत डफ वाजवला नव्हता. दहा मिनिटे आपण वाचायचे आणि शेवटची पाच मिनिटे बाबांनी गाऊन दाखवायचे, असे अश्लेषाने ठरवले होते. मॅडमनीही आनंदाने होकार दिला होता.

अंबादास शेवटच्या रांगेत बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर पिशवी, पिशवीत डफ. दोन रविवार जादा काम करून त्यांनी ही सुट्टी मिळवली होती.

सत्राचे पहिले वक्ते अण्णासाहेब. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, एका सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. त्यांना वीस मिनिटे दिली होती. "दोन मिनिटांत आटोपतो" हे वाक्य त्यांनी चार वेळा म्हटले आणि पन्नास मिनिटे घेतली. त्यात लोकरंगभूमी कमी आणि त्यांच्या बदल्या जास्त होत्या. मॅडमचे बोट तीनदा माझ्याकडे आले. तिसऱ्यांदा अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहून मिश्कील हसून दाखवले, आणि बोट परत गेले. त्यांनी माझी दखल घेतली म्हणून मी मनात सुखावले होते, हेही सांगून टाकते.

अश्लेषा उभी राहिली तेव्हा पावणेदोन वाजत आले होते. बाहेर पुऱ्या तळल्याचा वास येत होता आणि लोक खुर्च्यांत चुळबुळ करत होते. तिने वाचायला सुरुवात केली. चौथ्या मिनिटाला मॅडमनी मला एकदा वाजवले. अश्लेषा दचकली आणि भराभर वाचू लागली. मग उरलेली पाने तिने उलटलीच नाहीत, ती सरळ म्हणाली, "आता माझे बाबा..."

अंबादास उठले. पिशवीतून डफ काढून ते मधल्या वाटेने पुढे आले, तिसऱ्या रांगेपर्यंत. तेव्हा सहावे मिनिट चालू होते. त्याच वेळी मी दोनदा वाजले.

"अश्लेषा, प्लीज, कन्क्लूड कर. लंच थंड होतंय, यार," मॅडम हळूच म्हणाल्या.

अंबादास जागीच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मुलीकडे. आपलेच काहीतरी चुकले, असा चेहरा त्यांनी केला. डफ पिशवीत घातला आणि ते मागे जाऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे जेवायला गेले.

मित्रांनो, इतकी वर्षे मी वाजत आले, पण त्या दोन ठोक्यांइतका घाणेरडा आवाज मी कधी केलेला नाही. ज्यांच्यासाठी मला विकत आणले होते, त्यांच्यापुढे मी पन्नास मिनिटे मूग गिळून बसले आणि सोळा वर्षे थांबलेल्या माणसाला दोन सेकंदांत हाकलले. मी निर्जीव आहे, बोट दुसऱ्याचे होते, असे म्हणून पाहिले. पण कौतुक झाले तेव्हा मी बोट दुसऱ्याचे म्हटले नव्हते.

सभागृह रिकामे झाल्यावर अश्लेषा कागद गोळा करत होती. मॅडम तिच्याजवळ आल्या.

"रागावलीस ना? तू घरचीच म्हणून वाजवली गं. पाहुण्यांना कशी वाजवणार?"

अश्लेषाने हातातले कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "मी घरची आहे, मॅम. पण बाबा पाहुणे होते."

मॅडमनी अंबादासांना शोधायला बाहेर माणूस पाठवला, पण ते न जेवताच मेट्रोकडे निघून गेले होते.

मॅडमना चूक कळली होती, हे मला सांगायलाच हवे. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात अंबादासांना स्वतः फोन केला. मार्चमध्ये विद्यार्थ्यांचे नाटक होते. नाटकाआधी तुम्ही गा, हवा तितका वेळ गा, तुम्हीच त्या दिवसाचे पाहुणे, असे त्या म्हणाल्या. अंबादास "येतो जी" म्हणाले. त्यांचे गावच्या तलावावर रचलेले एक गाणे होते, नऊ कडव्यांचे. तेच सगळे गायचे ठरले.

नाटकाच्या दिवशी सभागृह भरले होते. मॅडमनी अंबादासांना शाल दिली, पहिल्या रांगेत बसवले आणि माइकवर सांगितले, "आज वेळेचं बिल्कुल बंधन नाही." सगळे नीट झाले होते. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. तीन घंटा द्यायच्या म्हणून मला रंगमंचाच्या कोपऱ्यात, माइकशेजारच्या टेबलावर आधीच आणून ठेवले होते.

अंबादासांनी डफ खांद्याशी नेला आणि आवाज लावला. मित्रांनो, इतकी भाषणे ऐकली, पण असा आवाज या सभागृहात मी ऐकला नव्हता. भारदस्त, थोडा खरखरीत, मागच्या भिंतीपर्यंत सहज जाणारा. पहिल्या कडव्यात तलाव भरला, दुसऱ्यात गाव पाण्यावर आले. लोक पुढे सरकून बसले. आणि तिसऱ्या कडव्याला त्यांची नजर माझ्यावर पडली.

त्यांचा आवाज तसाच होता, पण डफ घाईला आला. एक ओळ गायची आणि माझ्याकडे बघायचे, दुसरी ओळ आणि पुन्हा माझ्याकडे. चौथ्या कडव्यावर त्यांनी एकदम गाण्याची शेवटची ओळ उचलली, डफ खाली घेतला आणि हात जोडले.

"वाजायच्या आत झालं नं जी?" त्यांनी माइकवर विचारले.

लोकांना ती गंमत वाटली. सगळे हसले आणि खूप वेळ टाळ्या वाजल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कुणाचेही बोट माझ्या जवळपास नव्हते. मी नुसती तिथे होते.

विंगेत अश्लेषाने वडिलांचा हात धरला. "बाबा, पाच कडवी राहिली. आज कुणीच थांबवणार नव्हतं."

"असू दे बेटा," ते म्हणाले. ते खुशीत होते. "वेळेत संपवलं की पुन्हा बोलावतात."

त्यानंतर नाटकासाठी मला तीनदा वाजवले. दिवे गेले, नाटक झाले, चांगले झाले म्हणतात. मला त्यातले काही ऐकू आले नाही.

आता एप्रिलची यादी दारावर लागली आहे. दोन व्याख्याने, एक चर्चासत्र, एक एकांकिका. अंबादासांचे नाव यादीत नाही. यादी करणाऱ्या मित्रांनो, तुम्हाला मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत. मोठमोठ्या पाहुण्यांसाठी मला जरूर काढा, आणि बोट परत नेऊ नका. पण त्या माणसाने वेळेत संपवले होते. त्यांना पुन्हा बोलवा, आणि त्या दिवशी माझा ड्रॉवर उघडू नका.