देशमुखांच्या घरची कबर

उकंडराव देशमुखांना ईश्वराने सर्व काही दिले होते. फक्त खुर्ची दिली नव्हती. मोताळ्याच्या आसपास त्यांच्या शब्दाला मान होता. परंतु बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरसाहेबांचा दरबार भरे, तेव्हा मानकरी खुर्च्यांवर बसत आणि उकंडराव मागे उभ्यांच्या रांगेत असत. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेल्यास नऊ वर्षे लोटली, चार साहेब आले आणि गेले; उकंडराव उभेच होते.

"शास्त्रीबुवा, पाय दुखते म्हणून नाही सांगत," ते एके सकाळी मला म्हणाले. "पण काल-परवाचा तो सरकीवाला बसते अन् म्या त्याच्या टोपीकडे पाहत उभं राहावं, हे काऊन?"

मी त्यांना वंशावळ लिहून दिली. बत्तीस पिढ्या चढत ती थेट चंद्रापर्यंत पोहोचत होती. मध्ये सात-आठ ठिकाणी पुरुष कमी पडले, तेथे मी पुराणांतून आदरपूर्वक आणून बसवले.

साहेबांनी ती परत पाठवली. या नव्या साहेबांना एकच व्यसन होते, स्वतःच्या पूर्वजांचे. रजेवर विलायतेस गेले की ते गावोगावच्या दफनभूमींत हिंडत, दगडांवरचे शेवाळ खरवडून नावे वाचत आणि ती चर्चच्या नोंदवहीशी ताडून पाहत. त्यांनी निरोप धाडला की कागदावर कोणीही चंद्राला जाऊन भेटेल. घराण्याच्या एखाद्या जुन्या पुरुषाच्या दफनाची नोंद दाखवा आणि खुर्ची न्या.

आता आमच्या देशमुखांनी दफनाची नोंद कोठून आणावी? त्यांच्या कुळातील प्रत्येक पुरुष विधिपूर्वक अग्नीत गेला होता आणि तिसऱ्या दिवशी नळगंगेत विरून गेला होता. मी स्वतः मंत्र म्हणून तो पुरावा नाहीसा केला होता.

"एकानं तरी मांगं काही ठेवावं की नाही?" उकंडराव हळहळले. मग एकदम उठून बसले. "शास्त्रीबुवा! कबरस्तानातली ते कबर!"

देशमुखांच्या घरी मूल जन्मले की बारशाच्या दिवशी, मूल पाळण्यात घालण्यापूर्वी, वाटीभर दूध गावच्या कबरस्तानातील एका जुन्या कबरीवर जाई. का जाई, हे कोणास ठाऊक नव्हते. पण ते चुकवण्याची कोणाची छाती नव्हती.

"आपल्याच घरचा कोणी शूर गडी पडला असंल लढाईत," उकंडराव म्हणाले. "संगतीच्या मुसलमान शिपायांनी मानानं पुरला. पैलवान असंल. नाहीतर दूध काऊन?"

त्यांच्या पत्नी वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. "पैलवानाले दूध बारशाच्याच दिवशी काऊन लागते जी?"

"तुले काय समजते त्यातलं?"

आम्ही कबरस्तानात गेलो. तेथे शकूरशहा फकीर राहत. कबरस्तानाची राखण पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरी होती आणि कोण, कोठे, कसा पुरला याची एक वही ते जपत. तिला ते बयाज म्हणत. त्यांनी हात धुतले, फडके सोडले, पान काढले.

"आहे मालक. तुमच्या घरचं नाव आहे. पूरं वाचतो, ऐका."

"कफन कोणाकडून आलं, तेवढं सांग."

"देशमुखाच्या घरून. कबरीचा मानही त्याच घराकडे. पण पूरं तर..."

"बस! तेवढंच लिहून दे."

"मालक, अर्धं वाचलेलं अंगावर येते."

उकंडरावांनी ऐकले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. चाळीस वर्षे मी संस्कृतात घालवली होती. जी लिपी मला येत नाही, तिच्यात काही महत्त्वाचे असू शकेल ही शंका माझ्या मनास शिवली नाही. कबरीवर सपाट दगडी पाटी होती. ती मी वीराची ढाल ठरवली आणि तिच्यावर शार्दूलविक्रीडितात चार श्लोक रचले. नोंदीचा उतारा आणि श्लोक बुलढाण्यास रवाना झाले.

महिन्याभरात उत्तर आले. खुर्ची मंजूर झाली होती! उकंडरावांनी गावभर पेढे वाटले. सोबतची यादी मात्र त्यांनी वाचली नाही. ती वाचली त्यांचे चुलतभाऊ पंजाबराव यांनी, चावडीवर, मोठ्याने. कचेरीने सरळ विचार केला होता: ज्याचा मूळ पुरुष कबरस्तानात, ते घराणे मुसलमान. 'मुसलमान रईस' या सदराखाली, अकराव्या खुर्चीवर, उकंडराव देशमुख.

"उकंडभाऊ, सलाम आलेकुम!" पंजाबराव रस्त्यातून ओरडले. "महिन्याभरानं नातवाचं बारसं आहे ना तुमच्या घरी? आम्ही भाऊबंद काही पंगतीले येत नाही बाप्पा. तुमचा धर्म येगळा, आमचा येगळा."

उकंडरावांचा चेहरा उतरला. खुर्ची सोडवेना आणि पंगत मोडवेना. शेवटी त्यांनी शकूरशहांना बयाजसह चावडीवर बोलावले. भाऊबंद झाडून जमले होते. अशा प्रसंगी आमच्या गावात कोणी आजारी पडत नाही.

"वाच. पूरं वाच," उकंडराव म्हणाले. "अन् आधी हे सांग, थो गडी मुसलमान होता का हिंदू?"

"गडी?" शकूरशहा हसले. "मालक, कबरीवर सपाट पाटी आहे. पुरुषाच्या कबरीवर दगडाचा लांब उंचवटा असते, कलमदान म्हणतो आम्ही त्याले. सपाट तख्ती बाईची. आमचं लेकरूही सांगते."

माझी ढाल माझ्याच पायावर पडली.

त्यांनी वाचले. कबर हुस्नबानोची होती, फकीर जब्बारशहाच्या बायकोची. पटकीची साथ आली त्या साली देशमुखांच्या घरातील सारी माणसे चार दिवसांत गेली. वीस दिवसांचा नारायणराव आणि त्याचा आजा, एवढेच उरले. आजा मूल घेऊन दारोदार फिरला. कोणी कडी काढली नाही. हुस्नबानोने ते मूल पदराखाली घेतले आणि आपल्या लेकाबरोबर दोन वर्षे पाजले. ती गेली तेव्हा आज्याने कफन दिले आणि शब्द दिला की या घरी पाळणा हलेल, तेव्हा पहिले दूध तिला.

उकंडरावांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे आमचा पुरुष नाही थो! बाई आहे! पंजाबराव, आता?"

"आता काय? नारायणराव मुसलमान नाही, पण दूध तर मुसलमानाचं पेला!" पंजाबराव उसळून म्हणाले. "हे त् आणखी बेकार झालं."

"पंजाबराव," शकूरशहा बयाज मिटत शांतपणे म्हणाले, "नारायणरावाले चार पोरं झाले. एकाचे उकंडराव. दुसऱ्याचे तुम्ही. बाकी दोघांचे हे सारे बसले. दूध वाटून पेलं आहे तुम्ही. माह्या घराचे दूधभाऊ आहा सारे."

चावडीवर कोणी पागोटे सारखे केले, कोणी नखे न्याहाळली.

"आणखी एक ओळ राह्यली," शकूरशहा माझ्याकडे वळले. "कडी कोणी काढली नाही, कारण गावच्या शास्त्र्यानं सांगितलं होतं, लेकरू मूळ नक्षत्रावरचं आहे, घरात घेऊ नका."

तो शास्त्री माझा खापरपणजा. आमच्या घराण्याचा तेवढाच एक लेखी पुरावा उपलब्ध आहे.

भाऊबंदांचे तत्काळ एकमत झाले. पंगतीला सर्वांनी यावे, दुधाविषयी कोणी बोलू नये आणि उकंडरावांनी कचेरीच्या यादीतून नाव काढून घ्यावे. मी अर्ज लिहिला. कचेरीने विचारले, कबर तुमच्या पुरुषाची नाही याला पुरावा काय? तेव्हा शकूरशहांच्या वहीतील संपूर्ण पानाची नक्कल पाठवावी लागली.

साहेबांना फारसी अक्षर येत होते. ते नक्कल वाचून इतके हरखले की घोड्यावर बसून स्वतः कबरस्तानात आले, बयाज मांडीवर घेऊन दुपारभर बसले आणि शकूरशहांना तेथल्या तेथे दरबाराचे आमंत्रण देऊन गेले. माझ्या श्लोकांविषयी त्यांनी काही विचारले नाही.

दरबारात अकरावी खुर्ची शकूरशहांना मिळाली. ते धुतलेल्या हिरव्या कफनीत संकोचून बसले होते. त्यांच्या बरोबर मागे उकंडराव उभे होते. मध्येच शकूरशहा वळून हलकेच म्हणाले, "मालक, बसता काय थोडं? मी उठतो."

"बस बे, साहेब पाहून राह्यला," उकंडराव दबक्या आवाजात म्हणाले. पण त्यांनी खुर्चीच्या पाठीवर आपला हात ठेवला आणि दरबार संपेपर्यंत तो उचलला नाही.

घरी परतलो तेव्हा वच्छलाबाई अंगणात होत्या. बारसे दुसऱ्या दिवसावर आले होते. त्यांनी विचारले, "बसले काय जी खुर्चीवर?"

उकंडरावांनी जोडे काढले, पाय धुतले आणि बराच विचार करून सांगितले, "खुर्ची आपल्याच घरात आली असं समज."

"कोणाच्या नात्यानं?"

वच्छलाबाईंनी उद्याच्या दुधाची वाटी घासायला घेतली. या खेपेस त्यांनी ती मोठी काढली होती.