बी लियानला जिंकू द्यायचं

पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी मोठ्या मावशीला माहजाँग हा चौघींचा सोंगट्यांचा खेळ चालू ठेवायला सांगितलं. मेंदूला काम हवं. मावशी मात्र लागोपाठ हरली आणि म्हणाली, डोकं गेलं, टेबल कुणाला तरी देऊन टाका. पिनांगमध्ये टेबल देऊन टाकलेली एकही बाई पुढे फार काळ ठीक राहिलेली मी पाहिलेली नाही. नमुना लहान आहे, पण मला प्रयोग करायचा नव्हता.

म्हणून मी तिच्या दोन्ही मैत्रिणींना, बी लियान आणि चूई हूनला, गाठलं. चौथी खेळाडू मीच. ठरलं असं की मावशीला लागणारी सोंगटी हाती आली की टाकायची, म्हणजे ती उचलेल आणि जिंकेल.

मावशी जिंकू लागली. नीट जेवूही लागली.

मग एका दुपारी, मावशी बांबूचं चित्र असलेल्या सोंगट्या जमवतेय हे तिच्या टेबलावरच्या उघड्या संचांवरून दिसत असताना, बी लियानने बांबूचीच सोंगटी टाकली. असं आमच्याकडे नवशिकेही करत नाहीत. मावशीने डाव घेतला, पण हसली नाही. सगळ्या गेल्यावर मला म्हणाली, "बी लियानचं डोकं जायला लागलंय गं. बिचारीला पत्ताही नाही."

आणि तिने बी लियानला तपासणीला नेलं.

दवाखान्यात मावशी नाव नोंदवत असताना बी लियानने मला बाजूला ओढलं. खरं सांगितलं असतं, तर मावशी पुन्हा टेबलाशी बसली नसती. सगळी उत्तरं बरोबर आली असती, तरी तिला कळलंच असतं.

"किती चुकवू?"

"थोडंसंच, बी लियान मावशी. घड्याळाचं चित्र काढायला सांगतील, ते मात्र नीट काढा, नाहीतर गोळ्या देतील."

डॉक्टर म्हणाले, किंचित विसराळूपणा आहे, खेळत राहा. येताना बी लियान बोटांवर उत्तरं मोजत होती. ठरवलं होतं त्यापेक्षा एक उत्तर जास्त चुकलं होतं.

त्या संध्याकाळी मावशीने मला आणि चूई हूनला बजावलं, की यापुढे बी लियानला जिंकू द्यायचं. आमचा जुना बेत तर चालूच होता.

समोरचीला काय हवंय हे ओळखल्याशिवाय तिच्याकडून हरता येत नाही, त्यामुळे डाव आता फार लांबतात. मावशीला पडलेली प्रत्येक सोंगटी आठवते. काल तिने बरोबर बी लियानला हवी तीच टाकली. बी लियानने पाहिली आणि उचलली नाही.

मावशी माझ्याकडे झुकली. "बघ, समोर पडलेलंही दिसत नाही तिला."