माझ्या तारेपलीकडचा मुलूख

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिले नसेल, म्हणून आधी ओळख सांगतो. मी एक जुना मोडेम आहे. पुढे लाल दिव्यांची ओळ आणि मागे टेलिफोनची तार असलेली एक चपटी, काळी पेटी. संगणकाचे बोलणे मी टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या गावी पोचवायचो आणि तिकडचे ऐकून परत आणायचो. तार जुळताना माझा आवाज इतका कर्कश निघे की ऐकणारा कानांवर हात ठेवी.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. थर्मोकोलच्या कुशीत झोपून मी पुण्याला आलो आणि तिथून एसटीने सांगलीला. जवळच्याच माधवनगरात क्षमाताई संगणकाचा वर्ग चालवत. त्यांनी मला खोक्यातून काढले, पदराने पुसले आणि टेलिफोनशेजारी बसवले.

क्षमाताईंचा मामेभाऊ शौनक साताऱ्यात असाच वर्ग चालवायचा. त्याच्याकडे बरेच संगणक होते आणि ते एकमेकांना तारांनी जोडलेले होते. रविवारी सकाळी क्षमाताई माझ्यामार्फत त्याच्या संगणकाला जोडून घेत आणि बहीण-भाऊ बंदुकांचा एक खेळ खेळत. भुयारातून धावायचे, समोरच्याला टिपायचे. डाव संपला की मेलेले उठायचे, फुटलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहायच्या आणि सगळे पहिल्यापासून सुरू. वर्गातल्या मुलांना त्यातच गंमत वाटे. क्षमाताईंना मात्र चुटपुट लागे.

"शौनक, एवढं लढून शेवटी काहीच उरत नाही रे," एकदा खेळ संपल्यावर त्या फोनवर म्हणाल्या.

"खेळच आहे तो, ताई. काय उरायला पाहिजे?"

"आज पाडलेली भिंत उद्याही पडलेलीच दिसायला पाहिजे. कुणीतरी ती बांधायला घ्यायला पाहिजे. आपण उठून जेवायला गेलो तरी तिथलं जग चालू राहायला पाहिजे."

"आणि खेळणार किती जण?"

"शंभर. हजार. कऱ्हाडचे, फलटणचे, जिथं जिथं टेलिफोन पोचलाय तिथले सगळे. एकाच मुलखात."

शौनक म्हणाला, "तू मुलूख काढून दे. मी तो चालवून बघतो."

क्षमाताईंचे वडील गिरणीत कापडाची नक्षी काढायचे. त्यांच्याकडचे बारीक चौकटींचे कागद क्षमाताईंनी मागून घेतले आणि एकेक चौकट म्हणजे जमिनीचा एकेक तुकडा असे धरून मुलूख आखला. मधून नदी, दोन्ही काठांवर गावे, गावांमध्ये दारूगोळ्याची कोठारे आणि नदीवर एकच पूल. गोळ्या संपल्या तर मागच्या गावाहून आणाव्या लागणार होत्या. पडलेला गडी उठणार होता, पण आपल्या गावात, आणि तिथून त्याला पुन्हा चालत यावे लागणार होते. कागद पाहून शौनकने कित्येक महिने खपून तो मुलूख संगणकात उतरवला. साताऱ्याचा तो संगणक आता बंद करायचाच नाही असे ठरले. दिवे गेले तर बॅटरी होती.

अलीकडच्या काठावर क्षमाताई आणि त्यांचे विद्यार्थी, पलीकडे साताऱ्याची मुले. आमच्याकडे तारेला जोडलेला संगणक एकच, म्हणून पुलाचा पहारा आळीपाळीने. दोन्हीकडची मुले माझा आवाज ऐकला की टाळ्या पिटायची. एवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आले नाही.

हे वर्ष एकोणीसशे नव्याण्णव. समोरच्या चाळीत बयाबाई राहायच्या. त्या मूळच्या औंधाकडच्या कोरड्या मुलखातल्या, मेंढरांमागे हिंडलेल्या. त्यांचा मुलगा जोतीराम सैन्यात होता आणि त्या उन्हाळ्यात कारगिलच्या डोंगरात लढत होता. चाळीत फोन नव्हता. त्या काळी शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून द्यायची पद्धत होती, तसा जोतीरामकडे क्षमाताईंच्या वर्गाचा नंबर होता. कित्येक दिवसांत त्याची काही खबर नव्हती.

बयाबाई रविवारी वर्गात येऊन एका स्टुलावर बसत आणि पडद्याकडे बघत राहत. आपण फोन ठेवला तरी तिथली गावे राहतात, असे क्षमाताई त्यांना सांगत.

"ह्यात मेलेला परत उठतो व्हय गं?" त्यांनी एकदा विचारले.

"उठतो, मावशी."

"बरं हाय," एवढेच त्या म्हणाल्या. क्षमाताईंचे हात कळफलकावर थांबले.

जुलैतल्या एका रविवारी साताऱ्याच्या मुलांनी पुलावर मोठा हल्ला चढवला. आमच्या काठावर क्षमाताई एकट्या होत्या. माझे सगळे दिवे लुकलुकत होते. तेवढ्यात बयाबाई आल्या. आज त्या स्टुलावर बसल्या नाहीत.

"जोतीरामच्या पलटणीतलं एक पोरगं सुट्टीवर आलंया," त्या म्हणाल्या. "त्यो म्हनला, डोंगरावनं खाली उतरला की जोतीराम आज सकाळी फोन करील. उतरला असंल तर."

"बसा ना, मावशी. आला की देते," क्षमाताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

टेलिफोनच्या तारेचा बोटाने माग काढत बयाबाई माझ्यापर्यंत आल्या. "ही तार तर तुज्या ह्या डबीत गेलीया. मग फोन वाजंल कसा?"

क्षमाताई वळल्या. त्यांचा चेहरा उतरला. फोन वाजणार नव्हता. मी तार धरून बसलो होतो तोवर जोतीरामला हा नंबर सारखा गुंतलेलाच लागला असता.

"आता सोडलं तर पूल जाईल," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

"तुमी फोन ठिवला तरी तितली गावं ऱ्हात्यात म्हनालीस न्हवं?"

"राहतात."

"मग ठिव की जरा."

क्षमाताईंनी तत्काळ तार सोडली. माझे दिवे मालवले. खोलीत इतकी शांतता झाली की पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. दोघी टेलिफोनकडे बघत बसल्या.

फोन वाजला. क्षमाताईंनी झडप घातली. तो शौनक होता.

"ताई, तू गेलीस कुठं? इकडं पोरं पुलावर..."

"शौनक, फोन ठेव. जोतीरामचा फोन यायचाय."

त्याने लगेच फोन ठेवला. पुन्हा तीच वाट पाहणे. बयाबाईंनी पदराचे टोक मुठीत आवळले होते. चहा आला आणि तसाच निवला. मग लांबून येणाऱ्या फोनची ती लांबलचक घंटी वाजली. क्षमाताईंनी रिसीव्हर कानाला लावला आणि बयाबाईंच्या हाती दिला.

"हॅलो," बयाबाई म्हणाल्या. मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. "पायाला? किती लागलंय?... चालतोस न्हवं?... जेवलास का?" फोन ठेवून त्या खाली जमिनीवरच बसल्या. "जम्मूच्या दवाखान्यात हाय. पाय बरा व्हनार म्हनला." आणि त्यांना रडू फुटले. क्षमाताई त्यांच्याशेजारी बसल्या. त्याही रडत होत्या.

बऱ्याच वेळाने, डोळे पुसून, क्षमाताईंनी मला पुन्हा चालू केले. मी केकाटलो, तार जुळली, पडदा उजळला. नदीवरचा पूल कोसळलेला होता. आमच्या काठावरचे एक गाव गेले होते. सगळ्यांत नवल म्हणजे, पुढच्या गावाच्या वेशीवर साताऱ्याच्याच कुणीतरी नवी भिंत अर्धी बांधून ठेवली होती. क्षमाताई खळखळून हसल्या.

"काय झालं गं?"

"पूल पडला, मावशी. मी नसताना पडला, आणि पडलेलाच राहिलाय."

"आन् हसतीस व्हय?" बयाबाई म्हणाल्या आणि स्वतःही हसल्या.

मित्रांनो, पुढे वेगवान तारा आल्या. माझे काम संपले आणि मी कपाटात गेलो. सुरुवातीला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? हजारोंनी एकत्र खेळायची अफाट जगे पुढे दुसऱ्या कुणीकुणी उभारली. क्षमाताईंचा मुलूख शौनकच्या संगणकापलीकडे गेला नाही. तरीही हायसे वाटते. आता तार अडवून कुणी बसत नाही. जोतीराम लंगडत का होईना, घरी परतला.

तुमची खेळातली जगे तुमच्यावाचून चालू राहतात. पूल पडला तर पुन्हा बांधता येईल. पण तुम्ही खेळत असताना दारात कुणी काही न बोलता उभे राहिले, तर एकदा मागे वळून बघा. त्यांना काय हवे आहे, ते विचारा.