मागचं डावं चाक

वळण घेताना गाडीचं मागचं डावं चाक डांबरात किंचित रुतत होतं. बोटाच्या पेराएवढं. वेगात ते कळत नसे. पण नागसेनने गाडी सायकलच्या गतीने फुटाळा तलावाच्या वळणावर आणली, तेव्हा टायरची खालची कड रस्त्याच्या आत जाऊन पुन्हा वर आलेली पडद्यावर स्पष्ट दिसली. उजव्या चाकाचं तसं होत नव्हतं. त्याने गाडी मागे घेतली आणि तेच वळण पुन्हा घेतलं.

"झालं का पाहून?" ऋषी मागून म्हणाला. "का इथंच संसार थाटतो बे?"

"पाहून राहिलो."

धरमपेठेतल्या ऋषीच्या खोलीत टेबलाच्या कडेला गेमचं स्टिअरिंग घट्ट आवळून बसवलेलं होतं. दोघे इंजिनिअरिंगला एका वर्गात होते. आता दोघेही मिहानमध्ये, वेगवेगळ्या कंपन्यांत सॉफ्टवेअर लिहीत, आणि रविवारी दुपारी इथे बसून हा गेम बनवत: नागपूरच्या रस्त्यांवरची मोटारशर्यत. उद्या सकाळी ऋषी आपल्या मॅनेजरला नोकरी सोडतोय म्हणून सांगणार होता. त्याने गेम पूर्णवेळ करायचा आणि दिवाळीनंतर नागसेननेही नोकरी सोडून यायचं, असं ठरलं होतं. म्हणजे ऋषीने ठरवलं होतं आणि नागसेन नाही म्हणाला नव्हता.

उन्हाळ्यापासून नागसेनचं मन यातून उठलं होतं. सांगण्यासारखं मोठं कारण नव्हतं. दवाखान्यांचे तपासणी अहवाल रुग्णांच्या फोनवर पोचवायचं ऑफिसचं काम त्याला आवडू लागलं होतं. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की मिटला. पण दर आठवड्याला त्याने गेममध्ये काय केलं हे ऋषीला दिसत असे, म्हणून तो काहीतरी करून ठेवी. कुठे नाव बदल, कुठे कोडच्या ओळी वरखाली कर, सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींतली एक काढून टाक. चहा निवायच्या आत होणारं काम. तेवढ्याने हजेरी लागे, आणि फोनवर ऋषीचा अंगठा येई.

बाजूला टीव्हीवर शर्यत सुरू होती. तिसऱ्या क्रमांकावरच्या गाडीतून धूर येत होता आणि रेडिओवरून तिच्या चालकाला गाडी आत आणून थांबवायला सांगितलं जात होतं.

"गेला बिचारा," ऋषी म्हणाला. "मी असतो तर रेडिओच बंद केला असता. चालते तोवर चालवायची."

"अन् इंजिन पेटलं मंग?"

"पेटू दे ना. निदान चालवताना तर पेटलं."

"त्याले आतून दिसत नाही गा. बाहेरच्यानं सांगाच लागते."

"तू अहवाल पाठवू पाठवू डॉक्टर झाला," ऋषी हसला. "तुझ्याशी शर्यतीवर बोलणं म्हणजे पथ्य विचारणं आहे."

नागसेनही हसला. हसताना त्याने नजर स्टिअरिंगवर ठेवली आणि त्यावरची नसलेली धूळ अंगठ्याने पुसली.

आतून चारुशीलाकाकूंची हाक आली. ऋषी उठेना, म्हणून नागसेन गेला. ऋषीच्या आई कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळत होत्या. त्यांनी एक वडी मोडून त्याच्या हातावर ठेवली आणि गॅस बारीक केला.

"मिठाचं बघून सांग. त्याला विचारण्यात अर्थ नाही. आज मीठच काय, साखर घातली तरी खाईल तो."

"बरोबर आहे काकू."

"खाल्ली कुठे तू अजून?"

त्याने घास घेतला.

"खरं सांगू," त्या कढईकडे बघत म्हणाल्या, "माझा जीव तयार नव्हता. चांगली नोकरी कोणी अशी सोडतं का? दोन महिने अडवून धरलं मी त्याला. मग तो म्हणाला, आई, नागसेन आहे ना सोबत. तेव्हा मी गप्प झाले. तू काही हवेत बोलणारा मुलगा नाहीस."

वडी गरम होती. नागसेनने ती या हातातून त्या हातात घेतली.

"काकू, तो थोडा थांबला तर?"

"का? काही झालं का?"

त्या वळून बघत होत्या. झारा तेलाच्या वर थांबला होता.

"नाही. असंच."

"आता तू घाबरू नकोस बाबा," त्या म्हणाल्या. "तू घाबरलास तर मी काय करू?" त्यांनी ताटली भरून, कढीच्या दोन वाट्या ठेवून त्याच्या हातात दिली.

तो खोलीत आला तेव्हा ऋषीने टीव्हीचा आवाज बंद करून गेमचा नकाशा उघडला होता. गाडीचं वजन डाव्या चाकावर येतं त्या प्रत्येक वळणावर त्याने पिवळी खूण केली होती.

"हे पाह. सोळा वळणं झाली, आता फुटाळा तेवढं राहिलं. तेही आज रुतणं बंद."

"काय केलं?"

"रस्ता उचलला. दिसते तो नाही, चाक टेकते तो आतला थर. प्रत्येक वळणाला हातानं, थोडा थोडा. तीन आठवडे हेच करून राहिलो."

"रस्ता काहून?" नागसेनने ताटली खाली ठेवली. "चाकात पाहाचं ना."

"चाकात पाहिलं मी. तूच बदललं ना ते. मागच्या दोन चाकांची दोन मापं होती, त्यातलं डाव्याचं तू काढलं. मंग ते पुढच्या चाकाचं लहान माप घेते, अन् गाडी डावीकडे जराशी बसते." ऋषीने वडी कढीत बुडवली. "आधी वाटलं चुकून झालं. मंग म्हटलं, नाही बे, हा उगाच हात नाही लावत. वजन डावीकडे टाकून पाहून राहिला असशील. म्हणून मी चाकाले हात नाही लावला. रस्ताच त्याच्या हिशोबानं केला."

नागसेन पडद्याकडे बघत राहिला. ती ओळ त्याला आठवत होती. तिच्यासारखीच दुसरी खाली होती. एक काढली की काम केल्यासारखं दिसेल, एवढंच त्या दिवशी मनात होतं. त्यानंतर तो जेवायला बसला होता.

"बरोबर ना?" ऋषीने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू होतं. "सांग ना. उद्या तिथं मॅनेजरनं विचारलं, कशाच्या भरवशावर सोडतो, तर मी हेच सांगणार आहे. की माझा पार्टनर एक ओळ काढते, तर त्यालेही अर्थ असते."

आतून काकूंनी विचारलं, आणखी हव्यात का.

नागसेनने खुर्ची टेबलापासून मागे ओढली आणि ऋषीच्या समोर येईल अशी वळवली. बसल्यावर त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर आले. हाताला तेल होतं. ते त्याने पुसलं नाही.

"अर्थ नव्हता त्याले," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ऋषी, मी या गेममध्ये नाही आता. दिवाळीनंतरही येणार नाही. उद्या तुले जे सांगाचं असेल ते सांग, पण मले धरून सांगू नको."