शेजारचा ब्रेक

मास्तर गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या बाजूलाही एक जादा ब्रेक होता, आणि त्याच्या जिवावर त्यांनी अर्धं गाव स्टिअरिंगवर बसवलं होतं. शिकणारा कितीही गडबडला तरी मास्तर निवांत. पाय ब्रेकवर आणि तोंडी शेअर बाजारातल्या फंडांच्या गप्पा.

हे फंड साधे नव्हते. बाजार एक टक्का चढला की हे तीन टक्के चढत, पडला की तीन टक्के पडत. मास्तर सकाळी घेत आणि संध्याकाळी विकून मोकळे होत. चार पैसे सुटत. त्यामुळे असे फंड घेण्याआधी सामान्य माणसाने परीक्षा द्यावी असा नियम येतोय म्हटल्यावर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. उभा जन्म लोकांना लायसन्सच्या परीक्षेला बसवण्यात गेलेला हा माणूस परीक्षेच्या नावाने बोटं मोडू लागला. पण हे त्यांना सांगणार कोण?

या नियमावरच्या जाहीर सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. मास्तरांनी माइक हातात घेतला.

"आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत? पैसा आमचा, बुडाला तर आमचा! श्रीमंतांनी बिनधास्त घ्यायचं आणि आम्ही पेपर सोडवत बसायचं?"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मास्तर छाती फुगवून जागेवर येऊन बसले. शेजारी त्यांचे थोरले भाऊ होते. दादा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, मुदत ठेवीपलीकडे कशाला हात न लावणारे. वेळ जात नाही म्हणून रोज सकाळच्या फेरीला मास्तरांच्या गाडीत मागे बसून चक्कर मारायचे, एवढाच त्यांचा षोक.

"आणखी कोणाला बोलायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं. दादांनी हात वर केला. मास्तर बघतच राहिले. दादा चारचौघांत कधी तोंड उघडत नसत.

"माझाही विरोध आहे," दादा म्हणाले. "माझे निवृत्तीचे सगळे पैसे या तीनपट फंडात आहेत."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली.

"धाकट्याच्या गाडीत मागे बसून ऐकलं आणि घेतले. वर्षभर हात लावला नाही. बाजार पडला, परत चढला, आता होता तिथेच आहे. माझे पैसे मात्र निम्मे झाले. का, ते काही कळलं नाही."

मास्तरांना मात्र लख्ख कळलं. या फंडाचं तिप्पट रोज नव्याने मोजलं जातं. आज पडला की उद्या उरलेल्या कमी रकमेवर चढतो, आणि रोजच्या वरखालीत झिजत जातो. तो सांभाळायचा नसतो, संध्याकाळी विकायचा असतो. पण दादा बसत सकाळच्या फेरीला. "घेतला" तेवढं त्यांच्या कानावर पडे. विकायच्या वेळी मागची सीट रिकामी असे.

"म्हणून घरावर कर्ज काढलंय," दादा सांगत होते. "उद्या आणखी घेणार. गेलेलं भरून काढायला नको? तुम्ही परीक्षा ठेवलीत तर मी नापास होणार, बाई. एवढी वाट बंद करू नका."

मास्तरांपेक्षा जास्त टाळ्या दादांना पडल्या. त्या गोंगाटात मास्तरांचा पाय खुर्चीपुढच्या फरशीवर गच्च दाबला गेला होता. तिथे काहीच नव्हतं.

"दादा, वहिनीला माहीत आहे?"

"तिला कशाला उगाच घोर?" दादा खाली बसत म्हणाले.

मास्तर धडपडत पुन्हा माइकपाशी गेले.

"माझी हरकत मी मागे घेतो. परीक्षा ठेवा. आजच ठेवा."

मागून कोणीतरी ओरडलं, "फितूर झाला!" आणि एकच हुर्यो उठली. दादांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू रे? तूच आडवा येतोस?"

अध्यक्षबाईंनी टेबलावर थाप मारली. "शांत व्हा. नियम झालाच तरी पुढच्या वर्षापासून लागू होईल."

दादांच्या जिवात जीव आला. "म्हणजे उद्या घेता येतील," ते म्हणाले आणि निघायला उठले.

मास्तरांनी सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला. दादा "सोड, अरे लोक बघतायत" म्हणत राहिले, पण त्यांनी तो सोडला नाही.